गाय झाली, उचला! घरच्या घरी पल्लांगुळी

चेंबूरला छेडानगरच्या मुरुगन मंदिरापासून पाच मिनिटांवर आमची बिल्डिंग होती. मजल्यावर चार बिऱ्हाडं, त्यातली तीन तमिळ. समोरच्या घरातल्या आजींना त्यांची नातवंडं ‘पाटी’ म्हणायची, म्हणून आम्हीही पाटीच म्हणायचो. तमिळमध्ये पाटी म्हणजे आजी. माझा धाकटा भाऊ मात्र त्यांचा संबंध थेट दगडी पाटीशी लावून मोकळा झाला होता. त्यात त्या रोज संध्याकाळी आम्हाला पाढे म्हणायला लावायच्या, त्यामुळे त्याची चूक होती असं म्हणवत नाही.

पाढे झाले की बक्षीस म्हणून पाटी कपाटावरून एक लाकडी पट काढायच्या. माशाच्या आकाराचा, मधे बिजागरी, उघडला की दोन ओळींत सात-सात खळगे. हीच पल्लांगुळी, खळग्याखळग्यांत बिया पेरत जायचा खेळ. ‘कुळी’ म्हणजे खळगा. तमिळ घरांत हा खेळ बायकांचा. लग्नात मुलीबरोबर पटही द्यायचे, आणि पाटींचा तसाच आलेला होता. कडा इतक्या गुळगुळीत की पॉलिश केलंय असं वाटावं. ते नुसतं हातांचं तेल होतं.

आता माझं घर मुलुंडला. खेळणारी माणसं चार : सासूबाई, नवरा, लेक आणि मी. सासूबाई राजापूरच्या, वय ऐंशीच्या पुढे. पहिल्या दिवशी म्हणाल्या, “हे अण्णा लोकांचं काहीतरी दिसतंय, मला नको.” आज रविवारी जेवणं आटोपली की पट आणला नाही म्हणून त्याच कुरकुरतात. गेल्या वर्षभरात चार-पाच ओळखीच्यांनी मला कसं खेळायचं ते विचारलं आणि प्रत्येकाला फोनवर समजावताना माझी दमछाक झाली. म्हणून हे एकदाच नीट लिहून ठेवते.

हा खेळ फक्त तमिळ नाही हे आधी सांगायला हवं, कारण नावं ऐकून माणसं गोंधळतात. कर्नाटकात अळगुळी मणे, मंगळूर-उडुपीकडच्या तुळू मुलखात चेन्ने मणे, तेलुगूत वामनगुंटलु, श्रीलंकेत ओलिंद केलिया. आफ्रिकेत तर या जातीचे खेळ गावोगाव आहेत. घानात ओवारे, पूर्व किनाऱ्यावर बाओ. या सगळ्यांना मिळून मंकला म्हणतात. अरबीत ‘नकला’ म्हणजे हलवणं, इकडून तिकडे नेणं, त्यावरून. आपल्याकडेही घाटवाटांच्या आणि लेण्यांच्या कातळात असे दोन ओळींचे खळगे कोरलेले सापडतात. ट्रेकला जाणाऱ्यांनी नुसते सेल्फी काढण्यापेक्षा एकदा खाली पाहावं.

काय काय लागेल

चौदा खळगे आणि सत्तर बिया. बस्स.

पट विकत घ्यायचा असेल तर माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या आसपास पूजेचं सामान, पितळी दिवे विकणारी जी दक्षिणी दुकानं आहेत तिथे विचारा. घेताना एकच गोष्ट बघा : खळग्याची खोली. मी पहिला पट ऑनलाइन मागवला होता. फोटोत देखणा, हातात घेतला तर खळगे बशीसारखे उथळ. आठ चिंचोके पडले की नववा घसरून शेजारच्या घरात, म्हणजे खळग्यात. या खेळात एकेका घरात दहा-बारा बिया सहज साठतात, आणि बी घसरून कुठल्या घरात गेली यावरून घरात जे होतं ते मी इथे लिहीत नाही. तो पट आता आमच्याकडे किल्ल्या ठेवायला आहे. मूठ उलटी करून तिची दोन-तीन बोटं आत टेकतील आणि चिमटीनं बी उचलता येईल एवढा खळगा हवा.

पण विकत घ्यायचा कशाला? दिवाळीच्या पणत्या चौदा काढा. पणती डगमगते, म्हणून खाली टॉवेलची घडी घाला. नाहीतर चौदा वाट्या. नाहीतर फरशीवर खडूनं चौदा गोल. अंड्यांच्या ट्रेचा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. तीस अंड्यांच्या ट्रेमध्ये लांब बाजूला सहाच खळगे असतात, म्हणजे दोन ओळी कापून दोन टोकांना एकेक वाटी जोडावी लागते. चालतं. आप्पेपात्राचा मोह टाळा. सात खळग्यांची दोन आप्पेपात्रं हिशेबाला बरोबर बसतात, पण ते खळगे गोलात असतात, मधला एक कुणाच्या नंतर येतो यावर एकमत होत नाही. आम्ही करून बघितलंय.

बिया म्हणजे माझ्या मते चिंचोकेच. कवड्या सुंदर दिसतात पण मुठीत सात-आठच मावतात. राजमा चालतो, फक्त पावसाळ्यात त्याला कीड लागते. चिंचोका वजनदार, गुळगुळीत, आणि लाकडावर पडताना त्याचा जो टक् असा आवाज होतो त्यानंच निम्मा हिशेब कानाला कळतो. सासूबाई दर वर्षी उन्हाळ्यात चिंच फोडून, मीठ लावून बरणीत भरतात. त्यातले चिंचोके मी धुऊन, उन्हात वाळवून घेतले. तमिळनाडूत आणि केरळात लाल चकचकीत मंजाडीच्या बियाही वापरतात, आपल्याकडे तिला रतनगुंज म्हणतात. पण लाल-काळी छोटी गुंज मात्र घरात लहान मूल असेल तर आणूच नका. ती विषारी आहे. फुटलेली किंवा चावलेली गुंज जिवावर बेतू शकते.

लहान मुलांचा विषय निघालाच आहे तर चिंचोक्याचंही सांगते. २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. मी चार वर्षांच्या लेकीला घेऊन माहेरी आले होते. खाली कंबरभर पाणी, वीज गेलेली, नवरा ऑफिसातच अडकलेला, फोन लागत नाही. चाळा म्हणून आईच्या चौदा वाट्या मांडल्या आणि मेणबत्तीत खेळत बसलो. रात्री आवरताना मोजले तर एकोणसत्तर. सगळे पलंगाखाली शोधतायत आणि लेक एका कोपऱ्यात संशयास्पद शांत. चिंचोका तिच्या नाकात होता. बाहेर पाणी, डॉक्टर कुठे गाठणार! माझ्या पोटात गोळा आला. नशिबानं तिला एक जोरदार शिंक आली आणि तो स्वतःच बाहेर पडला. दर वेळी शिंक येत नाही. तोंडात-नाकात वस्तू घालण्याच्या वयाचं मूल असेल तर ते झोपल्यावर खेळा. आणि असं काही झालंच तर घरी चिमटे लावत बसू नका, डॉक्टरकडे न्या.

मांडणी आणि पेरणी

दोघं समोरासमोर बसा, पट मधे आडवा. आपल्याजवळची सात घरं आपली, पलीकडची सात समोरच्याची. प्रत्येक घरात पाच बिया. काही घरांत सहानं खेळतात, काही ठिकाणी चारानं. पाटी पाच घालायच्या, म्हणून आम्हीही पाच.

आपली पाळी आली की आपल्या कुठल्याही एका घरातल्या सगळ्या बिया उचलायच्या आणि पुढच्या घरापासून एकेक पेरत जायचं. दिशा एकच : आपल्या ओळीत डावीकडून उजवीकडे, टोकाला वळून समोरच्याच्या ओळीत, तिथून फिरून परत आपल्याकडे. दोघांसाठी हीच दिशा. समोरच्याच्या घरातही बी टाकावीच लागते, वगळता येत नाही.

हातातली शेवटची बी पडली की पाळी संपली असं नाही. तिच्या पुढचं घर बघा. त्यात बिया असतील तर त्या सगळ्या उचला, घर कुणाचंही असो, आणि पुढे पेरणी चालू. परत शेवटची बी, परत पुढचं घर. असं चालत राहतं. एकदा सासूबाईंची एकच पाळी इतकी लांबली की कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि मी उठून गॅस बंद करून आले तरी त्या पेरतच होत्या.

पुढचं घर रिकामं निघालं की थांबायचं. मग त्या रिकाम्या घराच्याही पुढच्या घरात जे असेल ते आपलं. उचलायचं आणि पदरात टाकायचं. पाटी आधी रिकाम्या खळग्यातून दोन बोटं फिरवायच्या, ताट पुसून घेतात तशी, आणि मग शेजारच्या घरातला ऐवज उचलायच्या. ते बोटं फिरवणं आमच्या पोटात धस्स करायला पुरेसं होतं. आता लेकही तसंच करते. पाटींना तिनं पाहिलेलं आठवतही नसेल, माझ्या हातातून तिच्या हातात गेलंय.

ओळीनं दोन घरं रिकामी असतील तर हाती धुपाटणं. काही न मिळता पाळी समोर जाते.

आणि आता गाय. पेरता पेरता कुठल्याही घरात बरोबर चार बिया झाल्या की ती ‘पसु’ झाली. पसु म्हणजे तमिळमध्ये गाय. ती गाय ज्याच्या ओळीत झाली त्याची, पाळी कुणाचीही चालू असो. त्यानं “गाय!” म्हणून त्या चारही लगेच उचलायच्या. पेरणाऱ्याच्या शेवटच्या बीनं गाय झाली तरी मालकानं ती घ्यायची आणि पेरणाऱ्यानं त्याच्या पुढच्या घरापासून चालू ठेवायचं. आमच्या घरचा एक कडक नियम : पाचवी बी पडेपर्यंत दिसली नाही तर गाय गेली. गोठ्याकडे लक्ष नको? नवऱ्याच्या गायी मोबाइलपायी नेहमी जातात.

एक डाव मांडून बघू

वाचून हे डोक्यात शिरत नाही, म्हणून समोर सत्तर बिया घ्या आणि माझ्याबरोबर हात चालवा. आपापल्या डावीकडून घरांना १ ते ७ आकडे द्या. माझं ७ संपलं की पुढचं घर तुमचं १, आणि तुमचं ७ संपलं की माझं १.

पहिली पाळी माझी. मी माझं घर १ उचलते. पाच बिया माझ्या २ ते ६ मध्ये पडल्या. पुढचं माझं ७, त्यात पाच. उचलल्या, तुमच्या १ ते ५ मध्ये पेरल्या. पुढचं तुमचं ६, त्यात पाच. त्या गेल्या तुमच्या ७ मध्ये आणि माझ्या १, २, ३, ४ मध्ये. पुढचं माझं ५, त्यात आता सहा आहेत. त्या माझ्या ६, ७ मध्ये आणि तुमच्या १, २, ३, ४ मध्ये. पुढचं तुमचं ५, तिथेही सहा. त्या तुमच्या ६, ७ मध्ये आणि माझ्या १ ते ४ मध्ये. शेवटची बी माझ्या ४ मध्ये पडली. पुढचं माझं ५ मघाशी मीच रिकामं केलंय. त्याच्या पुढचं ६, त्यात सात बिया. बोटं फिरवली, सात पदरात.

इथपर्यंत तुमच्यासमोरचा पट असा दिसायला हवा : माझ्याकडे २, ८, ८, ८, ०, ०, १ आणि तुमच्याकडे ७, ७, ७, ७, ०, १, ७. जुळत नसेल तर कुठेतरी दोन बिया एकदम पडल्या. परत मांडा.

आता तुमची पाळी. तुमचं ७ उचला. सात बिया माझ्या सातही घरांत एकेक. पुढचं तुमचं १, त्यात सात. तुमच्या २ ते ७ मध्ये सहा पडल्या आणि सातवी माझ्या १ मध्ये. माझ्या १ मध्ये आधी तीन झाल्या होत्या, आता चार. गाय! मी चार उचलल्या, तुमच्याच हातानं मला दूध मिळालं. पण तुमची पाळी चालूच आहे. पुढचं माझं २, त्यात नऊ. त्या माझ्या ३ ते ७ मध्ये आणि तुमच्या १ ते ४ मध्ये. पुढचं तुमचं ५, त्यात एकच बी, ती ६ मध्ये. पुढचं तुमचं ७, त्यातही एकच, ती माझ्या १ मध्ये. पुढचं माझं २ रिकामं. त्याच्या पुढचं माझं ३, त्यात दहा. दहाच्या दहा तुमच्या.

म्हणजे दोन पाळ्यांत मी अकरा, तुम्ही दहा, आणि पटावर एकोणपन्नास. एवढं एकदा हातानं केलंत की खेळ आला. पुढचं सगळं भांडण आहे.

फेरी संपली की

ज्याची पाळी आली त्याच्या ओळीत एकही बी नसेल तर फेरी संपते. समोरच्याच्या ओळीत उरलेल्या बिया समोरच्याच्याच. आता दोघांनी आपापला ऐवज मोजायचा आणि त्यातून आपली घरं परत पाच-पाचानं भरायची.

समजा, मला ४३ आले आणि तुम्हाला २७. माझी सातही घरं भरून ८ हातात उरतात. तुमची पाचच घरं भरतात, २ उरतात, आणि दोन घरं बंद. बंद घरात एक बटण ठेवा. पुढच्या फेरीत कुणीच तिथे बी टाकायची नाही, ते घर ओलांडून जायचं. पण तुम्ही पुढची फेरी जोरात खेळलात आणि बिया वाढल्या तर ती घरं परत उघडतात. बंद घरं उघडताना समोरच्याचा चेहरा बघण्यात जी मजा आहे ती सरळ जिंकण्यातही नाही. आमच्याकडे नवी फेरी हरणारा सुरू करतो.

एक घर भरण्याइतक्याही बिया उरल्या नाहीत की माणूस हरला. तिथपर्यंत खेळायचं तर दुपार जाते. कामाच्या दिवशी आम्ही तीन फेऱ्या ठरवतो आणि ज्याच्या बिया जास्त तो जिंकला.

आधी ठरवून घ्या

पल्लांगुळीचा नियम घरागणिक बदलतो. माझ्या नियमांना चूक म्हणणारी एक तरी मामी तुम्हाला भेटेलच, आणि तिच्या घरापुरती ती बरोबर असेल. काही ठिकाणी गाय ओळीच्या मालकाला न मिळता पेरणाऱ्याला मिळते. काही ठिकाणी रिकाम्या घरापुढचा ऐवज घेताना त्याच्या समोरच्या घरातलाही घेतात. त्यानं खेळ फार भराभर संपतो, मला आवडत नाही. काही जण उचल झाल्यावर आणखी एक पाळी देतात. यातलं काहीही चालेल, पण पहिली बी उचलण्याआधी ठरवा. डावाच्या मधे “आमच्याकडे असं नसतं” म्हणणाऱ्याला आम्ही चहा करायला पाठवतो.

त्याशिवाय दोन गोष्टी घरच्या घरी पक्क्या करा. घराला हात लावला की तेच घर खेळायचं. आणि बी खळग्यात टाकायची, फेकायची नाही. मुठीतून अंगठ्यानं एकेक पुढे सरकवत टाकायची असते. हे जमायला आठवडा लागतो. सुरुवातीला सगळ्यांकडूनच दोन बिया एकदम पडतात, मग आरोप होतात. सासूबाईंवरही झाले. त्यांनी संधिवात पुढे केला. खरं खोटं त्यांचं त्यांना माहीत. पण दोन बिया नेमक्या तिथेच कशा पडतात जिथे त्यांना त्या हव्या असतात, हे मला अजून कळलेलं नाही.

भांडणाची गोष्ट मी थट्टेवारी नेतेय खरी, पण तुळू मुलखात ती थट्टा नाही. बँकेतली माझी मैत्रीण तिकडची. ती सांगायची की त्यांच्या गावी आटी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढ-श्रावणाच्या धो धो पावसात, शेतीची कामं थांबली की चेन्नेचा पट निघतो. पण सख्ख्या बहिणींनी तो एकमेकींशी खेळायचा नाही. तिथल्या सिरी या लोकदेवीच्या पाडदनात, म्हणजे लोकगीतात, अब्बगे आणि दारगे या जुळ्या बहिणी चेन्ने खेळता खेळता भांडतात. एक दुसरीला तोच लाकडी पट मारते, ती मरते, आणि मारणारी विहिरीत उडी घेते. हे ऐकल्यावर मी नणंदेशी खेळताना पट कायम माझ्या बाजूला ओढून ठेवते.

चार माणसं असतील तर

खेळ दोघांचा आहे, पण घरात माणसं दोनच नसतात. आम्ही जोड्या करतो : सासूबाई आणि लेक एका बाजूला, नवरा आणि मी दुसऱ्या. एका पाळीला एकानं पेरायचं, दुसऱ्यानं गायी राखायच्या; पुढच्या पाळीला अदलाबदल. पेरणाऱ्याचं लक्ष हातात असतं, गाय त्याला हमखास दिसत नाही, म्हणून राखणदार लागतोच. आजी-नातीच्या जोडीसमोर आमचा टिकाव लागत नाही. लेकीचे डोळे आणि आजीचा हात.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला शिकवायचं असेल तर गाय बाजूला ठेवा आणि प्रत्येक घरात तीनच बिया घाला. फक्त पेरणी, रिकामं घर आणि उचल. हे जमलं की महिन्याभरानं गाय आणा. गाय आली की मूल खेळाला चिकटलंच म्हणून समजा, कारण समोरच्याच्या पाळीतही ओरडायला मिळतं.

थोडी अक्कल

पेरणी फिरून फिरून येते, त्यामुळे अख्खी पाळी आधी डोक्यात चालवणं मला जमत नाही. पाटींना जमायचं. माझ्यासारख्यांसाठी सोपा उपाय म्हणजे उलटं बघणं. आधी पटावर असं रिकामं घर शोधा ज्याच्या पुढे मोठा ढीग आहे. समजा, माझं ५ रिकामं आणि ६ मध्ये नऊ. म्हणजे मला शेवटची बी ४ मध्ये हवी. मग घर ३ मध्ये एक बी असेल, किंवा २ मध्ये दोन, किंवा १ मध्ये तीन, तर ती उचलली की नऊ माझे. फेरीच्या शेवटी शेवटी, बिया विरळ झाल्या की, हे फार उपयोगी पडतं. सुरुवातीला सगळी घरं भरलेली असताना मात्र डोकं लावू नका, उचला आणि पेरा.

हेच समोरच्याच्या डोळ्यांनीही बघा. तुमच्या रिकाम्या घरापुढे तुमचा ढीग साठला असेल तर तोच उचलून पांगवा, नाहीतर तो जाणार.

तीन बियांच्या घरांवर नजर ठेवा. आपल्या ओळीतलं तीनचं घर म्हणजे गाभण गाय. ते स्वतःहून उचलू नका, कुणाची तरी बी येऊन पडेल. समोरच्याच्या ओळीत तिनाची घरं दिसली तर शक्यतो आपली पेरणी त्यांच्या अलीकडेच संपेल असं घर निवडा. दर वेळी जमत नाही. फेरीच्या शेवटी एकेका बीची घरं राखून ठेवा, एकदम सगळं पुढे ढकललंत तर तुमची ओळ रिकामी होते आणि समोरचा पदर पसरून बसतो.

आवरताना

चिंचोके मोजल्याशिवाय डबा बंद करायचा नाही. सत्तर मोजायला दहा-दहाच्या सात ढिगाऱ्या करा, पटकन होतं. वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर ऊन द्या, नाहीतर बुरशीचा वास धरतात. हरवतात तेही धरून चाला, पाच-दहा जास्तीचे बाजूला ठेवा.

आमच्या डब्यात सध्या अडुसष्ट आहेत आणि दोन शर्टाची बटणं. एक चिंचोका सोफ्याच्या फटीत आहे, तो दिसतो पण निघत नाही. दुसरा कुठे आहे ते लेकीला माहीत आहे असा माझा संशय आहे, कारण गेल्या रविवारी सासूबाईंचा बटवा उचलला तेव्हा त्यातून टक् असा आवाज आला आणि दोघी एकदम पावसाबद्दल बोलायला लागल्या.